विश्लेषण : भारतात येऊ न शकलेल्या भिक्खूने जपानला चहाची गोडी कशी लावली?

नागपूरच्या कॅफेंमध्ये मिळणारा हिरवागार ‘माचा’ सध्या तरुणांच्या मोबाइलवर आणि मेन्यूकार्डावर दोन्हीकडे दिसतो. माचा म्हणजे जपानी चहाची पूड. हा प्रकार जपानमध्ये रुजवण्याचे श्रेय एसाई या बौद्ध भिक्खूंना दिले जाते. मात्र ते चहाच्या शोधात घराबाहेर पडलेच नव्हते. त्यांना यायचे होते बुद्धाच्या भूमीत, म्हणजे भारतात.

एसाई कोण होते?

एसाई यांचा जन्म ११४१ मध्ये पश्चिम जपानमधील आजच्या ओकायामा भागात एका पुजारी कुटुंबात झाला. किशोरवयातच त्यांनी दीक्षा घेतली आणि क्योतोजवळच्या हिएई पर्वतावरील मठात तेंदाई पंथाचे शिक्षण घेतले. तेव्हा हा मठ श्रीमंत होता, राजकारणात गुंतलेला होता. धर्म मूळ मार्गापासून ढळला आहे, असे एसाईंना वाटू लागले. ११६८ मध्ये ते पहिल्यांदा चीनला गेले आणि काही महिन्यांत ग्रंथ घेऊन परतले.

भारताचा प्रवास का थांबला?

११८७ मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीनंतर, एसाई पुन्हा चीनला निघाले. या वेळी चीनमार्गे भारत गाठून बुद्धाशी निगडित स्थळांचे दर्शन घेण्याचा त्यांचा बेत होता. मात्र उत्तरेकडचा मार्ग सोंग राजवटीच्या ताब्यात उरला नव्हता. त्यामुळे अधिकाऱ्यांनी परवानगी नाकारली. नाइलाजाने ते जपानकडे निघाले, पण वादळाने जहाज पुन्हा चीनच्या किनाऱ्याला लागले.

मग ते चीनमध्येच राहिले आणि चार वर्षे ध्यानपरंपरेचे, म्हणजेच झेनचे शिक्षण घेतले. तिथल्या मठांत भिक्खू चहाची पूड गरम पाण्यात घुसळून पीत. दीर्घ ध्यानात झोप येऊ नये, हा त्यामागचा साधा हेतू. ११९१ मध्ये एसाई जपानला परतले ते झेनची दीक्षा आणि चहाचे बी घेऊन. क्यूशू बेटावरील सेफुरी डोंगरात त्यांनी ते लावले, असे मानले जाते.

चहा जपानमध्ये आधी नव्हता का?

होता. ८१५ मध्ये सम्राट सागा यांना एका भिक्खूने चहा दिल्याची नोंद आहे. मात्र तो दरबार आणि मोजक्या मठांपुरता राहिला आणि पुढे मागे पडला. एसाईंनी त्याला नवे बी, नवी पद्धत आणि पिण्याचे कारण दिले.

तरीही त्यांची वाट सोपी नव्हती. जुन्या पंथांच्या दबावामुळे ११९४ मध्ये दरबाराने झेनच्या प्रचारावर बंदी घातली. एसाईंनी ग्रंथ लिहून आपली बाजू मांडली आणि कामाकुराच्या सामुराई सत्ताधाऱ्यांचा आश्रय मिळवला. १२०२ मध्ये त्यांनी क्योतोत केन्निनजी हा मठ स्थापन केला. तो आजही उभा आहे.

शोगुनचा ‘हँगओव्हर’ आणि एक पुस्तक

१२११ मध्ये एसाईंनी ‘किस्सा योजोकी’ हे पुस्तक लिहिले. चहा पिऊन आरोग्य कसे राखावे, हा त्याचा विषय. हृदयाला कडू रस लागतो, जपानी आहारात तो नाही आणि चहा ती उणीव भरून काढतो, अशी त्यांची मांडणी होती. हे तेव्हाचे वैद्यक होते. आजच्या विज्ञानाच्या कसोटीवर ते जसेच्या तसे टिकत नाही.

१२१४ मध्ये तरुण शोगुन मिनामोतो सानेतोमो आदल्या रात्रीच्या मद्यपानाने बेजार झाले होते. एसाईंनी त्यांना चहाचा वाडगा आणि चहाचे गुण सांगणारे लेखन दिले. शोगुनना बरे वाटले. त्यानंतर सामुराई वर्गात चहाचा मान वाढला. पुढच्याच वर्षी, १२१५ मध्ये, एसाईंचे निधन झाले.

परंपरेनुसार एसाईंनी चहाचे बी म्योए या भिक्खूंनाही दिले होते. म्योएंनी ते क्योतोच्या कोझानजी मठात वाढवले. तिथून चहा उजीला पोहोचला. विशेष म्हणजे म्योएंनाही भारतात यायचे होते. राजगृहापर्यंत पायी किती दिवस लागतील, याचा हिशेबही त्यांनी मांडला होता. तेही येऊ शकले नाहीत.

एकाच झाडाचे इतके प्रकार कसे?

आपला आसाम चहा आणि जपानी चहा ही एकाच प्रजातीची झाडे. आपल्याकडे पान आंबवून काळे केले जाते. जपानमध्ये तोडताच वाफवतात, म्हणून ते हिरवे राहते. पुढचा फरक सावली, भाजणी आणि दळणाचा.

माचा : तोडणीआधी काही आठवडे झाडे झाकतात, पाने वाळवून दगडी जात्यावर दळतात.

ग्योकुरो : सावलीतलाच, पण अख्ख्या पानांचा. चव गोडसर, दाट.

सेन्चा : उन्हात वाढलेला, जपानचा रोजचा चहा. १७३८ मध्ये उजीजवळच्या नागातानी सोएन यांनी त्याची पद्धत बसवली.

होजिचा : भाजलेल्या पानांचा, तपकिरी आणि खमंग.

गेनमाइचा : पानांत भाजलेला तांदूळ मिसळलेला.

प्यायचा कसा?

टपरीवरच्या कडक चहाची सवय असलेले अनेकजण इथेच चुकतात. उकळत्या पाण्यात कडू-तुरट घटक झपाट्याने उतरतात. कोमट पाण्यात गोडसर चव देणारी अमिनो आम्ले पुढे राहतात. म्हणून ग्योकुरोला ५० ते ६० अंश, सेन्चाला ७० ते ८० अंश पाणी पुरते. थर्मामीटर नसेल तर उकळलेले पाणी एका कपातून दुसऱ्यात ओता. दर वेळी ते साधारण १० अंशांनी उतरते. एक-दीड मिनिटात पाने गाळा. तीच पाने आणखी दोनदा चालतात.

माचासाठी दोन ग्रॅम पूड चाळून घ्या, ८० अंशांचे अर्धा कप पाणी घाला आणि बांबूच्या छोट्या रवीने फेस येईपर्यंत घुसळा. होजिचा आणि गेनमाइचाला मात्र उकळते पाणी चालते. पहिल्यांदाच पिणाऱ्या नागपूरकरांनी सुरुवात होजिचापासून करावी. दूध-साखरेविना जिभेला तो सर्वांत ओळखीचा वाटेल.

विदर्भाशी काय नाते?

एसाईंना बंद असलेला मार्ग पुढे उघडला. १९३३ मध्ये जपानी भिक्खू निचिदात्सु फुजी वर्ध्यात गांधीजींना भेटले. १९६० च्या दशकात सुरई ससाई नागपुरात आले आणि इथलेच झाले. आठशे वर्षांपूर्वी एसाई इतक्या दूर पोहोचले नाहीत. पोहोचला तो त्यांनी रुजवलेला चहा, तोही आता, माचाच्या कपातून.