टेस्लाची बोट

निकोला टेस्ला म्हटलं की आपल्या होस्टेलमध्ये दोनच विषय निघतात : एडिसनशी झालेलं भांडण, नाहीतर मशीन्सच्या व्हायव्हातली इंडक्शन मोटर. मोटर थोरच आहे. भांडणाच्या गोष्टी मात्र मला कंटाळवाण्या वाटतात, आणि त्यांत तिखटमीठही फार. मला त्याच्या आयुष्यातली चार फुटांची एक लोखंडी बोट जास्त आवडते. आज रिमोटवर जे काही पळतं, त्याची पणजी शोभेल अशी ती होती.

टेस्ला १० जुलै १८५६ रोजी स्मिलियान या खेड्यात जन्मला. ते तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होतं, आज क्रोएशियात आहे. वडील धर्मगुरू, आई शाळेत न गेलेली. पण घरातली अवजारं ती स्वतः बनवायची. ग्रात्सच्या पॉलिटेक्निकमध्ये पहिलं वर्ष त्याने गाजवलं, पुढे पत्त्यांच्या जुगारात अडकला आणि पदवी न घेताच बाहेर पडला. (हे वाचून कुणी सबमिशन बुडवू नये!) १८८२ मध्ये बुडापेस्टच्या बागेत फिरताना त्याला फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना सुचली. १८८४ मध्ये न्यूयॉर्क, काही महिने एडिसनकडे नोकरी, मग भागीदारांनी बाहेर काढलं आणि या माणसाने मजुरीवर चर खणले. १८८८ मध्ये वेस्टिंगहाऊसने त्याची पेटंट्स घेतली तेव्हा दिवस पालटले. १८९५ च्या मार्चमध्ये प्रयोगशाळा जळून खाक झाली. पुन्हा शून्यातून सुरुवात.

त्यानंतर तीन वर्षांनी, १८९८ मध्ये, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत त्याने ती बोट सोडली. वायर नाही, दोरी नाही. टेस्ला काठावर पेटीजवळ उभा आणि बोट त्याच्या इशाऱ्यावर वळतेय. लोकांनी बोटीला ६४ चं घनमूळ विचारलं, तर तिचे दिवे चार वेळा लुकलुकले. उत्तर अर्थातच टेस्ला देत होता! माणूस हुशार, पण नाटक्याही होता.

आतली यंत्रणा बघण्यासारखी आहे. बॅटरी, पंख्याची मोटर, सुकाणूची वेगळी मोटर आणि रिसीव्हर म्हणून कोहिरर, म्हणजे धातूचे कण भरलेली डबी. रेडिओलहर आली की कणांचा रोध एकदम उतरतो आणि रिले ओढला जातो. पण लहर गेली तरी रोध उतरलेलाच राहतो. डबी हलवल्याशिवाय पुढचा इशारा कळतच नाही. म्हणून टेस्लाने प्रत्येक इशाऱ्याबरोबर डबी आपोआप उलटी होईल अशी सोय केली. रिले एक चकती एकेक घर पुढे सरकवायचा : सुकाणू एका बाजूला, थांब, दुसऱ्या बाजूला, थांब. किती वळायचं हे मोटरला ठाऊक नव्हतं. काठावरच्या माणसाने बोटीकडे बघत योग्य क्षणी थांबण्याचा इशारा द्यायचा.

इथेच आपला आजचा सर्व्हो वेगळा पडतो. त्यात साधारण दीड मिलिसेकंदाचा पल्स म्हणजे मधोमध, कमी-जास्त झाला की डावं-उजवं. आणि शाफ्टला जोडलेला पोटेन्शिओमीटर आपण कुठे आहोत ते सतत सांगत असतो. (स्वतःची जागा तपासणारं वाफेचं सुकाणू जहाजांवर टेस्लाच्या आधीच आलं होतं, फ्रान्सच्या फार्कोने १८७३ मध्ये त्यावर पुस्तकच काढलं.) फेस्टसाठी आम्ही रेडिओवरचा ट्रक जुळवला तेव्हा त्याची पुढची चाकं सारखी थरथरायची. सर्व्होची वायर थ्रॉटलच्या चॅनलला लावून पाहिली. थरथर सर्व्होबरोबर तिकडे गेली, म्हणजे चॅनल ठीक. चाकांची दांडी काढून सर्व्हो मोकळा फिरवला, तरी तेच. म्हणजे लिंकेज अडकत नव्हतं. वेगळी बॅटरी दिली, फरक शून्य. उरला पोटेन्शिओमीटर, आणि त्याचा ट्रॅक मधोमध, जिथे चाकं सर्वाधिक वेळ असतात, नेमका तिथेच झिजलेला निघाला.

टेस्लाच्या बोटीत झिजायला तो पोटेन्शिओमीटर नव्हता, पण दुसरी भीती होती. जवळपास एखादी परकी ठिणगी पडली आणि चकती एक घर जास्त सरकली, तर पुढचे सगळे इशारे चुकीच्या घरात पडणार. परक्या लहरींचा हा प्रश्न त्याने नंतर सोडवायला घेतला. १९०० मध्ये अर्ज करून १९०३ मध्ये मिळालेल्या त्याच्या पेटंटांत दोन वेगवेगळ्या कंपनसंख्यांचे इशारे मिळाले तरच चालणारा रिसीव्हर आहे. डिजिटलच्या पोरांनी ओळखलं असेल : ही अँड गेटच झाली की!

पेटंट क्रमांक ६१३८०९, ८ नोव्हेंबर १८९८. दावे इतके अचाट वाटले की परीक्षक स्वतः बोट बघायला न्यूयॉर्कला आला, असं टेस्लाने आत्मचरित्रात लिहिलंय. वॉशिंग्टनला एका अधिकाऱ्याला त्याने हे सांगितलं तर तो हसत सुटला. अमेरिका-स्पेन युद्धाचं ते वर्ष. अशी यंत्रं आली तर विध्वंसाच्या भीतीने युद्धंच थांबतील, असं टेस्लाला वाटायचं. मला ही त्याची सगळ्यात भाबडी कल्पना वाटते. तसलीच यंत्रं पुढे युद्धात किती आली, ते आपण पाहतोच.

बोटीला गिऱ्हाईक मिळालं नाही. तो कोलोरॅडोला गेला, मग वॉर्डनक्लिफचा मनोरा बांधायला घेतला. पैसे संपले आणि १९१७ मध्ये मनोराही पाडला गेला. बोटीच्या पेटंटची सतरा वर्षं १९१५ मध्ये संपली, तेव्हा पहिलं महायुद्ध ऐन भरात होतं आणि दुरून चालणाऱ्या यंत्रांचा विचार सैन्यं नुकती गंभीरपणे करू लागली होती. त्याच्या हाती काहीच लागलं नाही. पुढची वर्षं एका हॉटेलचं बिल थकवून दुसऱ्यात आणि खिडकीवरच्या कबुतरांना दाणे घालण्यात गेली. ७ जानेवारी १९४३ रोजी हॉटेल न्यूयॉर्करच्या ३३२७ क्रमांकाच्या खोलीत तो गेला. अस्थी आता बेलग्रेडच्या टेस्ला संग्रहालयात, सोनेरी गोलात ठेवल्या आहेत.