काचेवर प्रेमकथा लिहिणारे हॅरी क्लार्क

रंगीत काच म्हटली म्हणजे आम्हां मुंबईच्या बेने इस्राएलांस फोर्टमधील केनेसेथ एलियाहू सिनेगॉगच्या खिडक्या आठवतात. तिकडे आयर्लंडमध्ये हॅरी क्लार्क यांनी अशाच काचेवर एक संपूर्ण प्रेमकथा चितारली. त्यांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

त्यांचा जन्म डब्लिन येथे १७ मार्च १८८९ रोजी झाला. वडील जोशुआ यांचा चर्चच्या सजावटीचा कारखाना होता. आई १९०३ साली वारली. मुलगा वडिलांच्याच कारखान्यात काचेचे काम शिकला. पुढे अँडरसनच्या परीकथा आणि पो यांच्या भीतिकथा यांना त्यांनी काढलेली चित्रे फार गाजली.

प्रेमकथेची खिडकी १९२४ मधील. डब्लिनच्या जेकब बिस्किटवाल्यांनी ती करून घेतली. (नावावरून वाटेल, पण हे घराणे यहुदी नव्हे, क्वेकर पंथाचे.) कथा कवी कीट्स यांची. संत ॲग्नेसच्या आदल्या रात्री उपाशी निजणाऱ्या मुलीला स्वप्नात भावी पती दिसतो, असा समज. पोर्फिरो हा तरुण वैऱ्याच्या वाड्यात शिरतो, म्हातारी दाई त्याला लपविते, आणि वादळी रात्री तो आपल्या मॅडलीनला घेऊन निघून जातो. साध्या काचेवर रंगीत काचेचा पातळ थर असतो. तो आम्लाने जागोजाग खाऊ द्यायचा, म्हणजे एकाच तुकड्यात गडद-फिक्या छटा उमटतात. लाल तुकड्यावर निळा ठेवला की जांभळा रंग होतो. हे काम किती चिकाटीचे असेल, हे आमच्यातील कारागिरांस सांगावयास नको! ती खिडकी आज डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीत आहे.

मान मिळाला, पण सुख लाभले नाही. आयरिश सरकारने जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर कचेरीसाठी त्यांच्याकडून एक खिडकी करविली. तीत आयरिश लेखकांच्या कृतींतील प्रसंग होते. खिडकी १९३० साली पुरी झाली, पण त्यांतील एक-दोन प्रसंग मंत्र्यांस असभ्य वाटले आणि ती जिनीव्हास गेलीच नाही. आमच्या मते सरकारने भित्रेपणा केला. क्लार्क तेव्हा क्षयाने खंगले होते. परदेशात मरण येऊ नये म्हणून दाव्होसच्या आरोग्यधामातून ते घरी निघाले, पण वाटेत स्वित्झर्लंडमधीलच कूर गावी ६ जानेवारी १९३१ रोजी वारले. वय अवघे ४१.

पंधरा वर्षांनंतर कबरीची देखभाल करण्याची हमी कुटुंबाने द्यावी, असा तेथील नियम होता. तो घरच्यांस कोणी सांगितला नाही. हमी न मिळाल्याने अस्थी काढून सामाईक खड्ड्यात पुरल्या. आपल्यात कबर कायमची मानतात, नवगावच्या जुन्या कबरींवर आजही कोणी ना कोणी जाते. म्हणून हे वाचताना आम्हांस फार वाईट वाटले.

जिनीव्हाची ती खिडकी पत्नी मार्गारेट, ज्या स्वतः चित्रकार होत्या, यांनी सरकारकडून परत विकत घेतली. १९८८ साली ती अमेरिकेत मायामी बीच येथे वुल्फसन यांच्या संग्रहात गेली. हे घराणे मात्र खरोखरच यहुदी.