वतन सोडून फडावर

जुन्या काळी गावच्या जत्रेत दिवसा देवदर्शन, रेवड्यांची दुकाने, कुस्त्यांचा आखाडा, आणि रात्री तमाशा. ढोलकीवर थाप पडली, हलगी कडाडली की पंचक्रोशीतील माणसे घोंगड्या घेऊन फडाभोवती दाटत आणि झुंजुमुंजू होईपर्यंत हलत नसत. या गर्दीला ज्यांच्या नावाने वेड लावले, ते शाहीर पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८६६ रोजी रेठरे हरणाक्ष येथे झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे.

घर ब्राह्मणाचे, वृत्ती कुलकर्ण्याची. दप्तर सांभाळून सुखाने जगता आले असते. पण त्यांनी घर सोडले आणि तमाशाच्या फडात पाऊल टाकले. त्या काळी हे पाऊल म्हणजे जातीबाहेर जाणेच होते. गण, गवळण, बतावणी, लावणी, वग या तमाशाच्या प्रत्येक अंगावर त्यांच्या रचनेची छाप उमटली. त्यांचा ‘मिठाराणी’चा वग विशेष गाजला. त्यांच्या नावावर दोन लाख लावण्या सांगतात. आकडा फुगलेला असेल, परंतु त्यांची अनेक कवने छापली न जाता फडांच्या तोंडीच राहिली, हे खरे.

या रचनांना नृत्याचे रूप दिले ते संगमनेरजवळच्या हिवरगावच्या पवळाने. ती महार समाजातील. ब्राह्मण शाहीर आणि ही नर्तकी एकाच बोर्डावर उभी राहिली, तेव्हा प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले आणि सनातन्यांनी बोटे मोडली. पुढे पवळा त्यांना सोडून गेली.

बापूरावांनी जातीचे कुंपण ओलांडले खरे, पण या ओलांडण्याची दुसरी बाजूही आहे. १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी त्यांनी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले, असे चरित्रकार नोंदवतात. महार स्त्रियांना बोर्डावर नाचवून मिळालेला पैसा त्यांना चळवळीसाठी नको होता. ज्या नाचाला जत्रेतील हजारो लोक दाद देत, त्याची किंमत नाचणारीच्या समाजाला कोणत्या अप्रतिष्ठेने मोजावी लागते, हे बाबासाहेब जाणून होते. शाहिराच्या चांगल्या हेतूने तो हिशेब मिटणारा नव्हता.

फडावर पैशांचा पाऊस पाहिलेल्या बापूरावांचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले. २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.