एका केसाचे प्रयोजन



जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग येथे १७५० साली एका लुथेरन धर्मोपदेशकाच्या घरी क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल यांचा जन्म झाला. हाले येथे ईशज्ञानाचा अभ्यास करून ते १७८० साली बर्लिनजवळच्या श्पांडाऊ येथे शाळेचे मुख्याध्यापक झाले. प्रकृती साथ देईना, तेव्हा डॉक्टर हाइम यांनी त्यांना वनस्पतींचा नाद लावला.

१७८७ च्या उन्हाळ्यात त्यांनी रानजेरेनियमचे फूल बारकाईने पाहिले. पाकळ्यांच्या बुडाशी मऊ, बारीक केस होते. दुसरा कोणी पुढे गेला असता. पण निर्माणकर्त्याने एक केसही उगाच घडवलेला नाही, अशी श्प्रेंगेल यांची श्रद्धा होती. मग हे केस कशासाठी? पावसाचे पाणी फुलातल्या मधात मिसळू नये म्हणून, असे त्यांना वाटले. मध कोणासाठी? कीटकांसाठी. आणि कीटक कशासाठी? उत्तरासाठी ते ऊनवारा सोसत फुलांपाशी तासन्‌तास बसू लागले.

निळ्या फॉर्गेट-मी-नॉटच्या मध्यभागी असलेले पिवळे कडे कीटकाला मधाची वाट दाखवते, हे त्यांनी ओळखले. एका रानफुलात पराग आधी तयार होतो, तो घेणारी कुक्षी मागाहून उमलते, हेही त्यांनी पाहिले. म्हणजे पराग दुसऱ्या फुलावरून यायला हवा आणि तो मधमाशी आणते! मधासाठी आलेली माशी नकळत फुलाचे काम करून जाते.

१७९३ साली त्यांनी हे सारे ग्रंथरूपाने मांडले. सुमारे साडेचारशे जातींच्या फुलांचे वर्णन त्यात होते. विद्वानांनी फारशी दखल घेतली नाही. शाळेच्या वरिष्ठांशीही त्यांचे पटत नव्हते. १७९४ साली नोकरी गेली आणि तुटपुंज्या पेन्शनवर ते बर्लिनला राहिले. तिथे शिकवण्या करीत, रविवारी लोकांना रानात नेऊन फुले दाखवीत. १८११ साली मधमाश्यांच्या उपयुक्ततेवर त्यांनी एक छोटे पुस्तक लिहिले. १८१६ साली ते वारले.

१८४१ साली चार्ल्स डार्विन यांनी तो विस्मृतीत गेलेला ग्रंथ वाचला आणि पुढे त्याचा आदराने उल्लेख केला. फुलांची ही रचना कशी घडली, याचे डार्विन यांनी दिलेले उत्तर वेगळे होते. पण श्प्रेंगेल यांनी पाहिलेले खरे ठरले.

रानातल्या फुलांकडे पाहा, असे प्रभू येशूनेही सांगितले आहे. आपण ते वाक्य ऐकतो, पण फुलाकडे पाहत नाही. श्प्रेंगेल यांनी पाहिले. आपल्या हातचे काम कोणाच्या नजरेस येत नसेल, तर या मास्तरांची आठवण ठेवावी. फुलावरच्या माशीलाही आपण केवढे काम केले, हे कुठे ठाऊक असते?