शुक्रावरच्या पाहुण्याचा यजमान

आपल्या अंकात थोरांची चरित्रे नेहमीच येतात. मी ज्याची हकिगत सांगणार आहे, त्याला थोर म्हणायला माझे मन धजत नाही. पण गेल्या शतकात देशोदेशींच्या हजारो माणसांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, हेही खरे. उडत्या तबकडीतून उतरलेल्या शुक्रवासीयाला आपण भेटलो असे सांगणारा जॉर्ज ॲडॅम्स्की तो हा. त्याची हकिगत बनावट होती, याविषयी अभ्यासकांत आज फारसा मतभेद नाही. मला कुतूहल आहे ते ती खरी मानणाऱ्यांचे.

ॲडॅम्स्कीचा जन्म १७ एप्रिल १८९१ रोजी ब्रॉमबर्ग येथे झाला. हे गाव तेव्हा प्रशियात होते, आज ते पोलंडमध्ये आहे. तो अगदी लहान असतानाच आईवडील अमेरिकेत जाऊन स्थायिक झाले. शिक्षण बेताचेच झाले. १९१३ ते १९१६ या काळात त्याने मेक्सिकोच्या सरहद्दीवर घोडदळात नोकरी केली आणि १९१७ साली लग्न केले. पुढे पिठाची गिरणी, सिमेंटचा कारखाना, जे मिळेल ते काम केले. १९३० नंतर कॅलिफोर्नियातील लगूना बीच येथे त्याने ‘रॉयल ऑर्डर ऑफ तिबेट’ नावाचा पंथ काढला आणि तो प्रवचने देऊ लागला. शिष्य त्याला प्रोफेसर म्हणत. ही पदवी त्याला कोणत्याही विद्यापीठाने दिलेली नव्हती.

१९४० च्या सुमारास ही मंडळी पालोमार डोंगराच्या परिसरात राहायला गेली. त्या डोंगरावर २०० इंची दुर्बिणीची वेधशाळा उभी राहत होती. तिचे उद्घाटन १९४८ साली झाले. खाली रस्त्यालगत ॲडॅम्स्कीच्या मंडळींचे छोटेसे उपाहारगृह होते आणि शेजारी त्याची स्वतःची लहान दुर्बीण होती. वरच्या वेधशाळेशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पण पालोमारचे प्रोफेसर एवढेच ऐकणाऱ्या दूरच्या माणसाला हा भेद कसा कळावा? वेधशाळेची पुण्याई त्याच्या खात्यावर आपसूक जमा होत गेली.

२४ जून १९४७ रोजी केनेथ अरनॉल्ड या वैमानिकाने माउंट रेनियरजवळ नऊ चमकत्या वस्तू वेगाने जाताना पाहिल्याचे सांगितले. ‘उडत्या तबकड्या’ हा शब्द त्या बातमीतूनच वर्तमानपत्रांनी रूढ केला. १९४९ साली ॲडॅम्स्कीच्या नावावर चंद्र, मंगळ आणि शुक्र यांच्या सफरीची एक कादंबरी प्रसिद्ध झाली. ती कादंबरी म्हणूनच छापली होती. तिने काही त्याचे नाव झाले नाही.

नाव झाले ते २० नोव्हेंबर १९५२ च्या हकिगतीने. त्या दिवशी तो सहा सोबत्यांसह डेझर्ट सेंटर गावाजवळच्या वाळवंटात गेला. सोबत्यांना दूर थांबवून एकटाच पुढे गेला आणि तेथे शुक्रावरचा माणूस आपल्याला भेटला असे त्याने सांगितले. लांब सोनेरी केस, तपकिरी पोशाख, आणि संभाषण खुणांनी व मनोमन! अणुस्फोटांमुळे परग्रहवासीयांना काळजी वाटते, हा त्याचा निरोप. वाळूतल्या पाउलखुणांचे ठसे घ्यायला एका सोबत्याने प्लास्टर ऑफ पॅरिस बरोबर आणलेलेच होते! १३ डिसेंबरला तबकडीची छायाचित्रेही निघाली. ते यान म्हणजे आपल्याकडच्या गॅसबत्तीसारख्या एखाद्या दिव्याचे टोपण असावे, असे टीकाकार म्हणत आले आहेत.

१९५३ साली डेस्मंड लेस्लीबरोबरचे त्याचे पुस्तक आले आणि ते खूप खपले. १९५५ साली परग्रहवासीयांच्या यानांतून केलेल्या सफरीचे दुसरे पुस्तक आले. त्यातले कितीतरी प्रसंग १९४९ च्या कादंबरीतल्या प्रसंगांशी जुळतात. १९५९ साली हॉलंडच्या राणी जुलियाना यांनी त्याला भेटीला बोलावले.

आम्हा वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबायला हवे. कल्पित म्हणून जे कुणी फारसे विचारले नाही, तेच सत्य म्हणून पुढे येताच लोकांनी उचलून धरले. असे का व्हावे? १ नोव्हेंबर १९५२ रोजी, म्हणजे वाळवंटातल्या भेटीच्या अवघे एकोणीस दिवस आधी, अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील एनेवेटाक येथे हायड्रोजन बॉम्बचा पहिला चाचणी-स्फोट केला होता. हिरोशिमा घडून सातच वर्षे झाली होती. अशा वेळी आपल्याहून शहाणे कुणीतरी वरून पाहत आहे आणि त्याला आपली काळजी आहे, हे ऐकायला कुणाला आवडणार नाही? मला वाटते, लोकांनी छायाचित्रावर विश्वास ठेवला नाही, निरोपावर ठेवला. छायाचित्र हे निमित्त होते. शिवाय शुक्र सदैव दाट ढगांनी झाकलेला. त्या ढगांखाली काय आहे हे तेव्हा शास्त्रज्ञांनाही नीट माहीत नव्हते. त्यामुळे मनाला हवे ते तेथे ठेवायला भरपूर जागा होती.

आणि फसणारे केवळ भाबडेच असतात असे नाही. १९५७ साली खुद्द ॲडॅम्स्कीला अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या कागदावर, स्ट्रेथ नावाच्या अधिकाऱ्याच्या सहीचे, त्याची पाठराखण करणारे पत्र आले. त्याने ते पुरावा म्हणून मिरवले. असा अधिकारी त्या खात्यात नव्हताच! ते पत्र आपण आणि ग्रे बार्कर यांनी मिळून बनवले होते, असे जेम्स मोझली यांनी १९८५ साली कबूल केले. इतरांना हवे ते ऐकवणाऱ्या या माणसालाही हवे ते ऐकवणारे कुणी भेटले.

डिसेंबर १९६२ मध्ये मरिनर–२ हे यान शुक्राजवळून गेले आणि तेथील प्रचंड उष्णतेची खूण मिळाली. पुढच्या यानांनी चित्र पूर्ण केले. शुक्राच्या पृष्ठभागावर सुमारे ४६५ अंश सेल्सिअस तापमान आणि पृथ्वीच्या नव्वदपट हवेचा दाब आहे. शिसे तेथे वितळून जाईल. सोनेरी केसांच्या पाहुण्याला घरच उरले नाही. तरी ॲडॅम्स्की व्याख्याने देतच राहिला. २३ एप्रिल १९६५ रोजी मेरिलँडमध्ये तो वारला. जुन्या लष्करी नोकरीमुळे आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्याला जागा मिळाली.

त्याला मानणारे आजही आहेत. त्यांना हसणे सोपे आहे. मला मात्र त्यांच्यापुढे शुक्राच्या तापमानाचा आकडा नुसता ठेवून भागेल असे वाटत नाही. त्यांना भीती होती ती खऱ्याच बॉम्बची, आणि तो बॉम्ब अजून आपल्यात आहे. त्याच्यापासून वाचवायला शुक्रावरून कुणी येणार नाही, हे कबूल करणे कठीण आहे खरे. पण ते कबूल केल्याशिवाय आपले काम आपण हाती घेणार नाही.