तुकोबांची झाडांशी सोयरीक



तुम्ही बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात नोकरीला असाल, तर दिवसाकाठी झाडाकडे किती वेळा लक्ष जाते, ते स्वतःलाच विचारून पाहा. तुमकूरु रस्त्यावरून आत वळले की पत्र्याच्या शेड, लेथ आणि ग्राइंडरचा आवाज, सुटणाऱ्या पाळ्या, मालाच्या गाड्या. पण याच शहरात जागोजागी अश्वत्थकट्टे आहेत. आपण ज्याला पार म्हणतो, तोच हा कट्टा. वर पिंपळ, बहुधा जोडीला कडुनिंब, बुंध्याशी नागाचे दगड. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही कधी अशा पारावर टेकलात, तर तुम्हाला देहूच्या एका दुकानदाराची गोष्ट सांगायची आहे.

होय, दुकानदाराचीच. तुकाराम महाराज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वीणा आणि चिपळ्या येतात. पण तरुणपणी त्यांच्या हातात तागडी होती. त्यांचा जन्म बहुतेक अभ्यासक 1608 सालचा मानतात. वडील बोल्होबा, आई कनकाई. घरात महाजनकी, वाणसामानाचा व्यापार, सावकारी आणि कुळात चालत आलेली विठ्ठलाची पूजा. थोरले बंधू सावजी विरक्त निघाले, म्हणून घरचा व्यवहार कोवळ्या वयातच तुकोबांकडे आला. कुणाला किती दिले, कुणाकडून किती येणे आहे, हे रोज पाहणारा हा माणूस होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे तिच्यामुळेच कळते.

आधी आईवडील गेले. मग 1630च्या सुमारास दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. तेव्हा तुकोबा विशीत होते. धान्य मिळेना, धंदा बुडाला, गावात पत राहिली नाही. पहिली पत्नी रखमाई अन्नावाचून गेली. मुलगा संतूही गेला. धान्य विकणाऱ्याच्या घरात भुकेने मरण आले, याची लाज त्यांनी स्वतःच्याच अभंगात लपवून ठेवलेली नाही.

अशा माणसाचे सांत्वन कोण करणार? नातलग चार शब्द बोलतात आणि आपापल्या घरी जातात. पत गेलेल्या माणसाकडे लोकही हिशेबानेच पाहतात. तुकोबा गावाबाहेरच्या डोंगरांवर जाऊ लागले. भामचंद्र, भंडारा, घोराडा ही ती नावे. भामचंद्राच्या डोंगरावर ते पंधरा दिवस एकटे बसले होते, असे परंपरा सांगते. धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधत तिथे पोहोचले.

दोघे भाऊ इंद्रायणीकाठी आले तेव्हा काय झाले, ते महिपतींनी 18व्या शतकात लिहून ठेवले आहे. घरातली कर्जखते बाहेर निघाली. निम्मी कान्होबांनी घेतली, कारण त्यांना संसार करायचा होता. उरलेली निम्मी तुकोबांनी नदीत सोडली. भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. सोडायचे ते आपले सोडावे, दुसऱ्याचे नाही, एवढे व्यवहारज्ञान त्या क्षणीही त्यांच्याजवळ होते.

डोंगरावर त्यांना काय मिळाले असेल? मला वाटते, ज्याच्याकडे काही देणे-घेणे नाही असा सोबती. झाड सावली देते आणि मांडून ठेवत नाही. ज्याने उपाशी उन्हाळे पाहिले आहेत, त्याला वाळक्या फांदीवर फुटलेली पालवी कशी दिसली असेल, याची कल्पना तुम्हीच करा. तिथे वाद घालायला दुसरे कुणी नसते. मग जो काही झगडा उरतो, तो आपल्याच मनाशी.

त्या एकांतावरचा त्यांचा अभंग तुम्हाला शाळेपासून पाठ आहे, म्हणून इथे लिहीत नाही. फक्त त्यातल्या एका शब्दापाशी थांबा. झाडांना त्यांनी सोयरे म्हटले. सगे आणि सोयरे हे दोन शब्द आपण एका दमात म्हणतो, पण ते एक नव्हेत. सगे जन्माने मिळतात. सोयरीक जुळवावी लागते. जाणे-येणे ठेवावे लागते, मान राखावा लागतो, नाही तर ती तुटते. ज्याचे सगे दुष्काळाने नेले, त्याने रानाशी सोयरीक केली. नुसते झाड आवडणे आणि झाडाशी सोयरीक असणे यांत केवढे अंतर आहे, ते कुंडीला चार दिवस पाणी घालायला विसरलेल्या माझ्यासारख्याला चांगले ठाऊक आहे.

मात्र त्यांनी घर सोडले नव्हते. पडझड झालेले विठ्ठलाचे देऊळ त्यांनी दुरुस्त केले, कीर्तनाला उभे राहिले, दुसऱ्या पत्नी जिजाई यांच्यासह संसारातच राहिले. जिजाईंना कीर्तनात फार कजाग रंगवतात. पण उन्हातान्हात भाकरी घेऊन भंडाऱ्याची चढण चढणाऱ्या त्याच होत्या. वाटेत त्यांच्या पायात काटा मोडला आणि तो विठ्ठलाने काढला, अशी कथा आहे. तुकोबांचा एकांत कुणाच्या तरी चुलीवर उभा होता, हे त्या काट्यावाचून आपल्या ध्यानातच आले नसते.

शके 1571च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे 1650 साली, तुकोबांनी देह ठेवला; वारकऱ्यांच्या श्रद्धेने ते सदेह वैकुंठाला गेले. ती जागा देहूला एका नांदुरकीच्या झाडाखाली दाखवतात. दर वर्षी बीजेला भर दुपारी बारा वाजता ते झाड हलते, अशी श्रद्धा आहे. हजारो माणसे फुले हातात घेऊन पानांकडे बघत उभी असतात.

पुण्याकडे गेलात तर भंडाऱ्यावरही जा. पायथ्याजवळून तळेगाव-चाकण रस्ता जातो आणि त्या रस्त्यावर दिवसभर कारखान्यांच्या मालाच्या गाड्या धावत असतात, तुमच्या पीण्यात धावतात तशाच.