विदुषी इरेन जोलियो-क्युरी

थोर माता-पित्यांच्या पोटी जन्म घेणे हे भाग्याचे खरे, परंतु त्या भाग्याचा भार वाहणे सर्वांनाच साधते असे नाही. पिता पिएर क्युरी आणि माता मेरी क्युरी, दोघेही नोबेल पारितोषिकाचे मानकरी. अशा घराण्यात इरेन यांचा जन्म पॅरिस येथे १२ सप्टेंबर १८९७ रोजी झाला. अवघ्या आठ वर्षांच्या असताना, एप्रिल १९०६ मध्ये, पिता मालवाहू घोडागाडीखाली सापडून गतप्राण झाले. आई प्रयोगशाळेत गुंतलेली. तेव्हा या मुलीची जडणघडण केली ती आजोबा डॉक्टर युजेन क्युरी यांनी. कट्टर प्रजासत्ताकवादी आणि धर्मोपदेशकांपासून दूर राहणाऱ्या या वृद्ध गृहस्थाचा ठसा नातीवर जन्मभर राहिला. त्यांची मते आपणांस मान्य होवोत वा न होवोत, नातवंडांना घडविण्यात आजोबांचा वाटा केवढा असतो याची साक्ष हे उदाहरण देते.

प्राथमिक शिक्षणही चारचौघांसारखे झाले नाही. मेरीबाई आणि त्यांचे प्राध्यापक मित्र यांनी आपल्या मुलांना आळीपाळीने स्वतःच शिकविण्याचा उपक्रम सुमारे दोन वर्षे चालविला. लांजव्हँ आणि पेरँ यांच्यासारखे नामवंत त्यात गुरुजी झाले होते! पुढे बाकालोरेआ परीक्षा उत्तीर्ण होते न होते तोच १९१४ चे महायुद्ध पेटले. क्ष-किरणांची यंत्रे मोटारगाड्यांवर चढवून आघाडीवरील रुग्णालयांत नेण्याचे काम मेरीबाईंनी अंगावर घेतले होते. अठराव्या वर्षी इरेन अशा केंद्रांचा कारभार एकहाती पाहू लागल्या. संरक्षणाची साधने त्या काळी नाममात्रच होती. त्याचे मोल पुढे द्यावे लागले.

युद्धानंतर त्या आईच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक झाल्या आणि पोलोनियमच्या आल्फा किरणांवरील प्रबंधास १९२५ साली डॉक्टरेट मिळाली. त्याच सुमारास फ्रेदेरिक जोलियो नावाचा तरुण तेथे रुजू झाला. तो बोलका, चपळ; इरेन अबोल, पोशाखाविषयी बेफिकीर, तोंडावर स्पष्ट बोलणाऱ्या. १९२६ च्या ऑक्टोबरात दोघे विवाहबद्ध झाले आणि दोघांनी आपले आडनाव जोडून लिहिण्यास आरंभ केला.

या दांपत्याच्या वाट्याला प्रथम आले ते अपयशच. जानेवारी १९३२ मध्ये त्यांनी बेरिलियमपासून निघणारे किरण मेणातून प्रोटॉन उडवून लावतात असे दाखविले, पण त्याचा अर्थ चुकीचा लावला. केंब्रिजला चॅडविक यांनी त्याच वर्षी तो अर्थ बरोबर लावून न्यूट्रॉनचा शोध जगापुढे ठेवला. त्याच वर्षी पॉझिट्रॉनचा मानही अमेरिकेतील अँडरसन यांना गेला. त्याच्या खुणा या दोघांच्या छायाचित्रांतही होत्या, परंतु त्यांनी त्या ओळखल्या नाहीत. १९३३ च्या सॉल्व्हे परिषदेत तर लिझ माइटनर यांनी त्यांच्या निष्कर्षांवरच शंका घेतली.

तेथून परतल्यावर त्यांनी प्रयोग पुन्हा हाती घेतला. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर पोलोनियमचे आल्फा कण सोडले आणि नंतर पोलोनियम दूर केले. नियमाप्रमाणे गणकयंत्र थांबावयास हवे होते. ते टिकटिकत राहिले. सव्वातीन मिनिटांत किरणांची तीव्रता निम्मी होई, पुढल्या सव्वातीन मिनिटांत तिच्याही निम्मी. यंत्रात तर दोष नाही ना, हे जर्मन सहकारी गेन्टनर यांच्याकडून तपासून घेण्यात आले. ॲल्युमिनियमच्या अणुगर्भात १३ प्रोटॉन. त्यात आल्फा कणाचे २ मिळून १५, म्हणजे फॉस्फरस व्हावयास हवा. पण सिद्ध कसे करावे? निर्माण झालेले अणू इतके थोडे की कोणत्याही तराजूत न येणारे, आणि तेही मिनिटामिनिटाला नाश पावणारे. येथे रसायनविद्या उपयोगी पडली. किरणे खाल्लेली पत्री हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळविताच उसळलेल्या हायड्रोजनबरोबर फॉस्फरस वायुरूपाने निघून एका नळीत गोळा झाला. किरणोत्सर्ग त्या नळीत आढळला, मागे उरलेल्या ॲल्युमिनियममध्ये नाही. सारे काही मिनिटांत उरकावे लागे. मानवाच्या हातून प्रथमच किरणोत्सर्गी द्रव्य निर्माण झाले होते. १५ जानेवारी १९३४ रोजी हे निवेदन प्रसिद्ध झाले. मेरीबाईंनी ती नळी पाहिली; जुलैत त्या निवर्तल्या. आज थायरॉइडच्या रुग्णास दिले जाणारे किरणोत्सर्गी आयोडीन याच मार्गाने आलेले आहे.

१९३५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. गंमत अशी की स्टॉकहोमच्या व्याख्यानात रसायनाची बाजू पदार्थविज्ञानाच्या फ्रेदेरिकनी मांडली आणि रसायनतज्ज्ञ इरेनबाईंनी भौतिकीची.

१९३६ मध्ये लेऑन ब्लूम यांच्या मंत्रिमंडळात शास्त्रीय संशोधनाच्या उपमंत्री म्हणून त्यांची नेमणूक झाली. फ्रान्समधील स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९४४ साली, हे ध्यानी घेतले म्हणजे या नेमणुकीचे महत्त्व कळते. सुमारे तीन महिन्यांनी त्या प्रयोगशाळेत परतल्या.

१९३७-३८ मध्ये युगोस्लाव्ह सहकारी पावले साविच यांच्यासह त्यांनी न्यूट्रॉनांनी ताडलेल्या युरेनियममध्ये साडेतीन तासांचा अर्धायुकाल असलेले एक द्रव्य शोधले. त्याचे वर्तन लँथेनमसारखे होते. बर्लिनचे ऑटो हान यांचा यावर विश्वास बसला नाही. परंतु त्या शंकेतूनच हान आणि श्ट्रासमान यांनी प्रयोग केले आणि डिसेंबर १९३८ मध्ये बेरियम सापडून अणुभंजनाचा शोध लागला. इरेनबाई त्या शोधाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचल्या होत्या. एक पाऊल पुढे पडले असते तर!

जर्मन अमदानीत त्यांना क्षयाने गाठले. पती प्रतिकार चळवळीत गुप्तपणे वावरत असता त्या जून १९४४ मध्ये मुलांना घेऊन सीमा ओलांडून स्वित्झर्लंडला गेल्या. ऑक्टोबर १९४५ मध्ये फ्रेंच सरकारने अणुऊर्जा आयोग स्थापन केला. फ्रेदेरिक त्याचे उच्चायुक्त आणि इरेनबाई एक आयुक्त झाल्या. १५ डिसेंबर १९४८ रोजी शातियाँच्या किल्ल्यात झोए ही फ्रान्सची पहिली अणुभट्टी चालू झाली. भारतीयांनी स्मरणात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे ११ जानेवारी १९५० रोजी कलकत्त्यास मेघनाद साहा यांच्या अणुविज्ञान संस्थेचे उद्घाटन याच बाईंच्या हस्ते झाले.

परंतु दिवस फिरले होते. फ्रेदेरिक कम्युनिस्ट पक्षाचे सभासद. अण्वस्त्रांसाठी काम करणार नाही असे त्यांनी उघड सांगितले, तेव्हा एप्रिल १९५० मध्ये सरकारने त्यांना दूर केले. इरेनबाई पक्षाच्या सभासद नव्हत्या, तरी १९५१ च्या आरंभी त्यांचीही मुदत वाढविण्यात आली नाही. जी संस्था उभी केली तिचे दार बंद झाले. सायन्स अकादमीनेही, १९११ मध्ये आईला नाकारले तसेच, लेकीला वारंवार नाकारले. निवडून येणार नाही हे ठाऊक असूनही त्या पुनःपुन्हा अर्ज करीत राहिल्या, कारण स्त्रियांसाठी बंद असलेल्या दाराची आठवण लोकांना राहावी.

अखेरच्या वर्षांत ओर्से येथील नव्या प्रयोगशाळेचे आराखडे त्यांनी आखले. ती पुरी झालेली पाहणे नशिबी नव्हते. क्ष-किरण आणि पोलोनियम यांच्या सान्निध्याने जडलेल्या रक्तकर्करोगाने १७ मार्च १९५६ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांचे देहावसान झाले. ओर्सेचे काम फ्रेदेरिकनी हाती घेतले आणि पुढे नेले. १४ ऑगस्ट १९५८ रोजी तेही गेले. दोघांना सो येथील स्मशानभूमीत चिरविश्रांती लाभली आहे.